विश्लेषण : घर वाढवताना बागेला सोबत कसे घ्यायचे? राष्ट्रपती भवन उभारणाऱ्या लुटियन्स यांचे उत्तर काय होते?

दिल्लीत थंडी ओसरू लागली की राष्ट्रपती भवनामागचे अमृत उद्यान सर्वसामान्यांसाठी खुले होते आणि तिथल्या फुलांची छायाचित्रे मोबाइलवर फिरू लागतात. हे भवन आणि त्यामागचे उद्यान एकाच माणसाच्या आराखड्यातून आले. ते म्हणजे सर एडविन लुटियन्स. आपल्याकडे त्यांचे नाव राजधानीतील सत्ताधारी वर्तुळाला टोमणा मारण्यापुरते उरले आहे. मात्र दिल्लीला येण्यापूर्वी दोन दशकांहून अधिक काळ ते इंग्लंडच्या खेड्यांत घरे बांधत आणि जुनी घरे वाढवत होते. नव्या खोल्या बागेकडे कशा उघडायच्या, या प्रश्नाची त्यांनी काढलेली उत्तरे वास्तुरचनेचे विद्यार्थी आजही अभ्यासतात. ती त्यांना कशी सुचली, कुठे साधली आणि कुठे अपुरी पडली, याचा हा आढावा.

शाळेत न गेलेला मुलगा वास्तुरचनाकार कसा झाला?

लुटियन्स यांचा जन्म २९ मार्च १८६९ रोजी लंडनमध्ये झाला. तेरा भावंडांत ते दहावे. वडील चार्ल्स लुटियन्स लष्करातून बाहेर पडून चित्रकार झाले होते. त्यांनी मुलाचे नाव आपले स्नेही, प्राण्यांच्या चित्रांसाठी प्रसिद्ध असलेले एडविन लँडसीअर यांच्यावरून ठेवले. लहानपणी एडविनला संधिवाताचा ताप आला आणि प्रकृती नाजूक राहिली. त्यामुळे भावांसारखे त्याला मोठ्या शाळेत पाठवले गेले नाही. कुटुंब सरे परगण्यातील थर्स्ली या खेड्यात राहत असे. मुलगा दिवसभर आसपास भटकायचा, सुतार आणि गवंडी काम करताना पाहायचा.

या भटकंतीत त्याने एक युक्ती काढली. चौकटीत बसवलेली काच डोळ्यांसमोर धरायची आणि तासून टोक काढलेल्या साबणाच्या तुकड्याने त्या काचेवर समोरच्या घराच्या रेषा उतरवायच्या. छप्पर कुठे मोडते, धुराडे कुठून वर येते, हे सारे त्याला असे पाठ होत गेले. या सवयीचा आपल्या विषयाशी जवळचा संबंध आहे. काचेतून पाहणाऱ्याला घर एकटे दिसत नाही. घर, कुंपण, झाड आणि जमिनीचा उतार एकाच चौकटीत येतात.

पुढे दोन वर्षे दक्षिण केन्सिंग्टनच्या कलाशाळेत काढून, तो अभ्यासक्रमही अर्धवट सोडून, ते अर्नेस्ट जॉर्ज आणि पेटो यांच्या कार्यालयात उमेदवारीला गेले. तिथेही फार काळ टिकले नाहीत. विशीतच क्रुक्सबरी या घराचे काम मिळाले आणि त्यांनी स्वतःचे कार्यालय थाटले.

गर्ट्रूड जेकिल यांची भेट महत्त्वाची का?

१८८९ मध्ये रोडोडेंड्रॉनच्या एका हौशी बागायतदाराकडे चहापानाच्या वेळी लुटियन्स यांची गर्ट्रूड जेकिल यांच्याशी ओळख झाली. ते वीस वर्षांचे, त्या पंचेचाळीसच्या. त्या दिवशी दोघे एकमेकांशी फारसे बोललेच नाहीत. निघताना मात्र गाडीच्या पायरीवर पाय ठेवता ठेवता जेकिलबाईंनी त्या तरुणाला पुढच्या शनिवारी घरी बोलावले. त्यानंतर दोघे तट्टूच्या गाडीतून सरेच्या वाड्यावस्त्या पालथ्या घालू लागले. जुन्या शेतघरांचे दगड, कौले आणि कुंपणे पाहत, नोंदी घेत ते हिंडत. या पोक्त, जाड चष्म्याच्या बाईंना लुटियन्स यांनी एक गमतीचे टोपणनावही दिले होते आणि त्यांना ते चालत असे.

जेकिल मूळच्या चित्रकार आणि भरतकामात निष्णात. पण त्यांची दृष्टी अधू होती आणि ती आणखी खालावत होती. १८९१ मध्ये नेत्रतज्ज्ञांनी बारीक नजरेची कामे सोडायला सांगितले. हातातला कुंचला गेला, तेव्हा त्यांनी रंगांचे काम वाफ्यांत नेले. मन्स्टेड वूड या त्यांच्या जागेतील मुख्य फुलवाफा सुमारे २०० फूट लांब आणि १४ फूट रुंद होता. एका टोकाला निळसर-करडे शांत रंग, मध्यावर भडक लाल आणि केशरी, मग पुन्हा शांत रंग अशी त्याची रचना होती. जवळचे बारकावे न दिसणाऱ्या व्यक्तीने लांबून दिसणाऱ्या रंगांच्या ढिगांचा विचार केला, असे या वाफ्याकडे पाहताना वाटते.

दोघांनी मिळून शंभरहून अधिक ठिकाणी काम केले. कामाची वाटणी सोपी होती. भिंती, पायऱ्या, पाणी, फरसबंदी लुटियन्स यांच्याकडे. माती आणि झाडे जेकिल यांच्याकडे. लुटियन्स यांच्या काटेकोर भूमितीवर जेकिल यांच्या वेली आणि झुडपे सैलपणे पसरत. एकाला दुसऱ्याशिवाय अर्थ उरत नसे. नुसती भूमिती रुक्ष झाली असती आणि नुसती झाडे पसारा.

आधी बाग, मग घर?

बहुतेक ठिकाणी घर बांधून होते, मग उरलेल्या जागेत बाग केली जाते. मन्स्टेड वूडमध्ये उलटे घडले. जेकिल यांनी ही सुमारे १५ एकरांची जमीन १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला घेतली आणि दहा-बारा वर्षे तिथे झाडेच लावली. त्या स्वतः रस्त्यापलीकडे आईच्या घरी राहत. १८९५ मध्ये आई वारली, ते घर भावाकडे गेले आणि जेकिल यांना आपले छप्पर लागले. तोवर झाडे वाढली होती आणि घरासाठी मधली जागा मोकळी ठेवलेली होती.

१८९६-९७ मध्ये लुटियन्स यांनी तिथे स्थानिक बारगेट दगडाचे, इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकाराचे घर बांधले. बाई कडक होत्या. एखादा दिखाऊ तपशील कागदावर आला की त्या तो काढायला लावत. त्यामुळे घराला मिरवणारी दर्शनी बाजू नाही. दक्षिणेच्या खोल्या हिरवळीकडे आणि तिथून झाडीत शिरणाऱ्या पायवाटांकडे पाहतात. उत्तरेला दोन पाखांच्या मधे एक फरसबंद चौक आहे. वरच्या मजल्यावरची ओक लाकडाची लांबट गॅलरी त्या चौकावर पुढे झुकते आणि चौकापलीकडे पायऱ्या उतरून पाण्याचे कुंड येते. वाड्यातला चौक ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही कल्पना परकी वाटणार नाही. फरक इतकाच, की इथे चौथी बाजू बागेसाठी उघडी सोडली आहे.

लुटियन्स यांनी तेव्हा तिशी गाठली नव्हती. ज्या बागेत घर बसवायचे, ती बाग पूर्ण वाढलेली आणि तिची मालकीण रोज समोर उभी! घराचा नकाशा आणि बागेचा नकाशा एकाच कागदावर काढायची सवय त्यांना इथे लागली आणि ती शेवटपर्यंत टिकली.

दरवाजातून थेट बाग : डीनरी गार्डनची युक्ती काय होती?

‘कंट्री लाइफ’ हे साप्ताहिक १८९७ मध्ये सुरू करणारे एडवर्ड हडसन यांची ओळख जेकिल यांच्यामुळेच झाली. त्यांच्यासाठी लुटियन्स यांनी टेम्स नदीकाठच्या सॉनिंग गावात डीनरी गार्डन हे घर बांधले. काम १९०१ पर्यंत चालले. इथे जागा म्हणजे जुन्या विटांच्या उंच भिंतीआडची फळबाग. नवे घर बागेच्या मधोमध न ठेवता त्यांनी ते रस्त्याकडच्या भिंतीलाच चिकटवले. त्यामुळे रस्त्यावरून फक्त भिंत आणि एक दार दिसते. दारातून आत शिरले की बोळासारखा रस्ता आतल्या लहान चौकाच्या कडेने सरळ पुढे जातो आणि समोर बागेचा उजेड दिसतो. त्याच रेषेत पुढे ओटा, पायऱ्या आणि शेवटी सफरचंदाची झाडे.

या रचनेत घर म्हणजे रस्ता आणि बाग यांच्यातला जाड उंबरठा ठरतो. खोल्या त्या रेषेच्या आजूबाजूला बसवल्या आहेत. माणूस घरात कुठेही असला तरी बाग कोणत्या दिशेला आहे, हे त्याला विचारावे लागत नाही. घराभोवती चारी बाजूंना थोडी थोडी जागा सोडून कुठलीच धड न वापरण्यापेक्षा सगळी मोकळी जागा एका बाजूला एकवटणे हा लुटियन्स यांचा हिशेब होता. लहान भूखंडावर तो अधिकच लागू पडतो. हडसन यांच्या साप्ताहिकातून या घरांची छायाचित्रे छापून येऊ लागली आणि लुटियन्स यांच्याकडे श्रीमंत घरमालकांची रीघ लागली.

फॉली फार्म दोनदा का वाढवले गेले?

जुन्या घराला नवा भाग जोडण्याची लुटियन्स यांची समज सर्वांत स्पष्ट दिसते ती बर्कशरमधील सल्हमस्टेड गावच्या फॉली फार्ममध्ये. मूळ वास्तू म्हणजे साधारण १६५० च्या सुमाराचे लाकडी चौकटीचे छोटे शेतघर. १९०६ च्या सुमारास तत्कालीन मालकाला मोठे घर हवे झाले. लुटियन्स यांनी शेतघर पाडले नाही आणि त्याची नक्कलही केली नाही. त्याला लागून त्यांनी विटांचा, दोन्ही बाजूंनी सारखा, सतराव्या शतकाच्या अखेरच्या इंग्रजी धाटणीचा नवा भाग उभा केला. मध्यभागी दोन मजले उंच दिवाणखाना होता. जुने वाकडेतिकडे घर आणि नवे शिस्तीतले घर शेजारी शेजारी उभे राहिले.

सहाच वर्षांत घर दुसऱ्या मालकाकडे, झकरी मर्टन यांच्याकडे गेले आणि त्यांना आणखी जागा हवी होती. इथे खरी अडचण होती. १९०६ चा भाग दोन्ही बाजूंनी सारखा, म्हणजे पूर्ण झालेला. त्याला काहीही जोडले तरी तोल बिघडणार. स्वतःच्याच जुन्या कामाची लय मोडावी लागणार होती. त्याच शैलीत आणखी चार खोल्या लावल्या असत्या तर घर नुसते लांबत गेले असते.

लुटियन्स यांनी १९१२ मध्ये पश्चिमेला बांधलेला नवा भाग मुद्दाम वेगळा केला. लाल विटा, कौलारू छप्पर आणि धान्याच्या कोठारासारखा भारदस्तपणा. छप्पर उंचावरून निघून खूप खाली उतरते आणि विटांच्या जाडजूड धिऱ्यांवर टेकते. छपराखाली पडवीसारखी आच्छादित जागा तयार होते आणि तिच्या कडेला आयताकृती पाण्याचे कुंड आहे. या भागात नवे भोजनगृह आले. खोलीतून पडवीत, पडवीतून पाण्याच्या काठावर, तिथून मोकळ्या आकाशाखाली, असा हा टप्प्याटप्प्याचा प्रवास आहे.

हे काम कसे करते, ते समजून घेण्यासारखे आहे. नुसती मोठी काच लावली की बाग घरात आली, असे हल्ली अनेकदा मानले जाते. प्रत्यक्षात उजळ बाहेर आणि अंधारी खोली यांच्यात एकच काच असेल तर डोळे दिपतात, पाऊस थेट दारावर येतो आणि दार बहुतेक वेळ बंदच राहते. छपराखालची मधली जागा ही अडचण सोडवते. ऊन तिथे मवाळ होते, पाऊस अडतो, दार उघडे ठेवता येते. खाली उतरलेल्या छपरामुळे पडवीत काळोख साचण्याचा धोका असतो. पण कुंडातल्या पाण्यावरून उजेड परावर्तित होऊन खालून वर येतो. पाणी तिथे शोभेपुरते ठेवलेले नाही, ते दिव्याचेही काम करते.

दुसरी गोष्ट रेषांची. १९०६ च्या दिवाणखान्याच्या मध्यरेषेत बाहेर एक लांब, सरळ कालवा आहे. घराची उंच भिंत त्यात दिसते. म्हणजे आतल्या खोलीची रेषा भिंतीपाशी संपत नाही, ती पाण्यातून पुढे जाते. पश्चिमेच्या भागापासून पुढे गेले की यू वृक्षांच्या उंच कातरलेल्या कुंपणाआड खोलगट गुलाबबाग लागते, वर्तुळाकार पायऱ्या उतरून जावे लागते अशी. घराच्या प्रत्येक महत्त्वाच्या भागाला बागेतली स्वतःची खोली दिली आहे आणि या बाहेरच्या खोल्यांना भिंती, उंबरठे, दारे सगळे आहे. फक्त छप्पर नाही.

तिसरी गोष्ट हाताला लागणारी. घराला वापरलेल्या विटा आणि कौलेच बाहेर पायाखाली येतात. कौले उभी रोवून केलेली फरसबंदी ही तर या जोडीची ओळखच झाली. पायऱ्या रुंद आणि उताराला सोप्या असतात, त्यामुळे पातळी बदलल्याचे पायांना जाणवते पण थांबावे लागत नाही. दगडी कडा जिथे फार कठोर दिसतील तिथे जेकिल यांची लॅव्हेंडरसारखी झुडपे त्यांच्यावर कलतात.

एक गंमत मात्र नोंदवायला हवी. फॉली फार्म बागेतून पाहिले तर १९१२ चा सर्वांत नवा भाग १९०६ च्या भागापेक्षा जुना वाटतो! एखाद्या शेतकरी कुटुंबाने पिढ्यान् पिढ्या घर वाढवत नेले असावे, असा भास होतो. काही समीक्षकांना ही फसवणूक वाटते आणि आक्षेप अगदीच बिनबुडाचा नाही. पण घरात राहणाऱ्याला त्यातून जे मिळते, ते खोटे नाही. पडवी, पाणी, सावली खरी आहे.

ग्रेट डिक्स्टर : दुसऱ्या गावाहून आणलेले घर?

त्याच सुमारास ससेक्समधील नॉर्दियम गावी आणखी एक वाढीव काम चालू होते. रंगीत छपाईच्या व्यवसायात पैसा मिळवलेले नथॅनिएल लॉइड यांनी १९१० मध्ये पंधराव्या शतकातील मोडकळीला आलेले लाकडी घर घेतले. त्याचा प्रचंड मोठा मध्यवर्ती दिवाणखाना नंतरच्या काळात मजले आणि आडभिंती घालून चिरला गेला होता. लुटियन्स यांनी ते सारे काढून दिवाणखाना पुन्हा छपरापर्यंत मोकळा केला.

पण त्यामुळे झोपायच्या खोल्या कमी पडल्या. यावरचा उपाय विलक्षण होता. शेजारच्या केंट परगण्यातील बेनेंडेन गावात एक जुने लाकडी घर पाडले जाणार होते. ते ७५ पौंडांना विकत घेतले, प्रत्येक तुळईवर क्रमांक टाकून सुटे केले आणि डिक्स्टरला आणून पुन्हा जुळवले. दोन जुन्या घरांच्या मधल्या जागेत लुटियन्स यांनी नवा भाग बांधला. हा नवा भाग गप्प आहे. दोन वयस्क पाहुण्यांच्या मधे बसलेल्या यजमानासारखा तो फक्त दोघांना जोडतो.

बागेसाठी त्यांनी आजूबाजूची कोठारे, गोठे आणि हॉप्स वाळवण्याच्या भट्ट्या पाडल्या नाहीत. त्यांच्या भिंतींचाच आडोसा घेऊन बागेच्या खोल्या पाडल्या. घर मधे आणि बाग चहूबाजूंनी, त्यामुळे फेरी मारताना घर सतत नव्या कोनातून समोर येते. इथे जेकिल यांची लागवड नव्हती. लॉइड कुटुंबाने बाग स्वतः वाढवली आणि १९२१ मध्ये याच घरात जन्मलेला मुलगा ख्रिस्तोफर पुढे इंग्लंडमधील नामवंत उद्यानलेखक झाला.

दिल्लीत ही कल्पना कशी बदलली?

फॉली फार्मचा दुसरा भाग आकाराला येत होता, त्याच १९१२ मध्ये लुटियन्स नव्या राजधानीची जागा ठरवणाऱ्या समितीचे सदस्य म्हणून भारतात आले. पुढची जवळपास दोन दशके ते इथे येत-जात राहिले. भारतीय वास्तुकलेबद्दलच नव्हे, तर भारतीय माणसांबद्दलही त्यांच्या खासगी पत्रांत तुच्छतेचा सूर आहे आणि तो झाकण्याचे कारण नाही. तरीही इथल्या उन्हापुढे त्यांना आपले आडाखे बदलावे लागले. इंग्लंडमध्ये ऊन घरात बोलवायचे असते, दिल्लीत ते दारात अडवायचे असते. छज्जा, जाळी, खोल सज्जे त्यांनी उचलले ते इथूनच.

व्हाइसरॉयच्या प्रासादामागे मुघल धाटणीची बाग हवी, हा आग्रह प्रामुख्याने लेडी हार्डिंग यांचा होता. त्या १९१४ मध्येच वारल्या. बागेचे आराखडे १९१७ पर्यंत तयार झाले, लागवड मात्र १९२८-२९ मध्ये विल्यम मस्टो या उद्यानतज्ज्ञाच्या देखरेखीखाली झाली. सुमारे १५ एकरांच्या या बागेत उत्तर-दक्षिण दोन आणि पूर्व-पश्चिम दोन कालवे एकमेकांना छेदतात. छेदावर कमळपानांच्या आकाराची लाल दगडी कारंजी आहेत. कातरून ठेवलेली बकुळीची झाडे यू वृक्षांची जागा घेतात. आयताकृती बाग, मग भिंतींमधली लांबट बाग आणि शेवटी पायऱ्या-पायऱ्यांनी खाली उतरणारी वर्तुळाकार बाग. फॉली फार्मचा कालवा आणि खोलगट गुलाबबाग ज्यांनी पाहिली आहे, त्यांना इथे जुनी ओळख पटते. ३४० खोल्यांच्या वास्तूला बागेशी जोडताना वापरलेली साधने शेतघराचीच आहेत. मध्यरेषा, पाणी, पातळी आणि एकामागून एक उलगडणारी दालने. जानेवारी २०२३ मध्ये या बागेचे नाव अमृत उद्यान झाले.

एक गैरसमजही दूर करायला हवा. मध्य दिल्लीतील हिरवळ आणि व्हरांड्यांचे पांढरे बंगले सरसकट लुटियन्स यांच्या नावावर जमा होतात. त्यांतले बहुसंख्य रॉबर्ट टॉर रसेल आणि सार्वजनिक बांधकाम खात्यातील इतर वास्तुरचनाकारांचे आहेत.

या रचनेची किंमत कोणी मोजली?

छायाचित्रांत या घरांची एक बाजू दिसत नाही. लांबच लांब फुलवाफे, कातरलेली कुंपणे, सतत स्वच्छ ठेवायची कुंडे यांसाठी माळ्यांची फौज लागे. भोजनगृह बागेच्या काठावर हलवले की स्वयंपाकघर लांब पडे आणि ते अंतर नोकरांच्या पायांनी कापले जाई. बागेशी जोडलेल्या खोल्या मालकांच्या होत्या, राबणाऱ्यांच्या नव्हत्या.

पहिल्या महायुद्धाने हा हिशेब मोडला. माणसे मेली, मजुरी वाढली, मोठ्या घरांच्या मागण्या आटल्या. लुटियन्स यांच्याकडे आता सैनिकांच्या दफनभूमींचे काम आले. फ्रान्समधील काही दफनभूमींसाठी लागवडीचे आराखडे सत्तरी ओलांडलेल्या जेकिल यांनी मन्स्टेड वूडमध्ये बसून काढले. लंडनमधील सेनोटाफ हे स्मारक याच काळातले. जेकिल १९३२ मध्ये वारल्या. बसब्रिजच्या चर्चच्या आवारातील त्यांच्या समाधीची रचना लुटियन्स यांनी केली. मन्स्टेड वूड २०२३ मध्ये ब्रिटनच्या नॅशनल ट्रस्टने ताब्यात घेतले.

लुटियन्स यांचे स्वतःचे घर कुठे होते?

१८९७ मध्ये लुटियन्स यांचा विवाह लेडी एमिली लिटन यांच्याशी झाला. त्यांचे वडील, लॉर्ड लिटन, १८७६ ते १८८० या काळात भारताचे व्हाइसरॉय होते. दख्खनच्या भीषण दुष्काळातील त्यांच्या कारभारामुळे महाराष्ट्राच्या इतिहासातही हे नाव येते. खानदानी घराण्याला हा बिनपैशाचा तरुण पसंत नव्हता. मोठ्या रकमेचा आयुर्विमा उतरवल्यावरच होकार मिळाला. त्याचे हप्ते भरण्यासाठी लुटियन्स काम घेतच राहिले. कामासाठी सतत प्रवास, संध्याकाळी पुन्हा कागद, अशी त्यांची रीत पडली.

लग्नापूर्वी त्यांनी एमिली यांना स्वतः आखलेली एक पेटी भेट दिली होती. तिच्यात चिमुकल्या वस्तू होत्या आणि त्यांत गुंडाळलेला एक नकाशा होता, दोघांनी मिळून राहायच्या छोट्या पांढऱ्या घराचा. ते घर कधी बांधले गेले नाही. नेबवर्थला त्यांनी सासूबाईंसाठी होमवूड हे घर बांधले. शेकडो लोकांच्या दिवाणखान्यांना बागा जोडल्या. स्वतःचा संसार मात्र लंडनच्या रस्त्यांवरच्या, एकमेकांना चिकटलेल्या घरांत गेला. एमिली थिऑसॉफीकडे आणि जे. कृष्णमूर्तींच्या सहवासाकडे वळल्या. पती-पत्नींत दुरावा आला आणि तो भरून यायला बरीच वर्षे लागली.

१९४२ मध्ये ब्रिटनचा ऑर्डर ऑफ मेरिट हा सन्मान त्यांना मिळाला. शेवटच्या दिवसांत लिव्हरपूलच्या, पुढे त्यांच्या आराखड्याप्रमाणे पूर्ण न झालेल्या, कॅथेड्रलची चित्रे त्यांच्या खोलीत लावलेली होती. १ जानेवारी १९४४ रोजी लंडनमधील मॅन्सफील्ड स्ट्रीटवरच्या घरी त्यांचे निधन झाले.